‘हेर विल तीएस, हेर विल बीएस’: एका डॅनिश स्तोत्राचं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५ – नमुना

स्तोत्राचं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती हाताने आणि संगणकाने कशी मोजायची, याच्या या नोंदी. मुख्य नमुना हान्स अडॉल्फ ब्रॉर्सन यांच्या ‘हेर विल तीएस, हेर विल बीएस’ या स्तोत्राचा. ब्रॉर्सन यांचा जन्म १६९४चा. १७४१ पासून ते पश्चिम जटलंडमधल्या रीबे शहराचे बिशप होते आणि ३ जून १७६४ रोजी तिथेच वारले. हे स्तोत्र त्यांच्या मृत्यूनंतर १७६५ मध्ये छापलेल्या ‘स्वाने-सांग’ या संग्रहातलं. डॅनिश चर्चच्या सध्याच्या अधिकृत स्तोत्रसंग्रहात एकूण ७९१ स्तोत्रं आहेत, त्यात हे ५५७ व्या क्रमांकावर आहे.

तुलनेसाठी दोन नमुने घेतले. एक ब्रॉर्सन यांचंच, १७३४चं ‘ऑप, आल देन टिंग, सोम गुद हार ग्योर्ट’. दुसरं बर्नहार्ड सेव्हेरिन इंगेमान यांचं १८५०चं ‘दायली एर योर्देन’, जे डेन्मार्कमध्ये नाताळाला घरोघर गातात. पहिलं अशासाठी की कवी तोच ठेवून घाट बदलला तर काय फरक पडतो ते दिसावं. दुसरं अशासाठी की त्यातही पुनरावृत्ती भरपूर आहे, पण ती अगदी वेगळ्या जातीची आहे.

या नोंदींत ‘अक्षर’ म्हणजे उच्चारातलं अक्षर. छापलेल्या चिन्हाला ‘वर्ण’ म्हटलं आहे. ● म्हणजे आघात (उच्चारातला जोर) असलेलं अक्षर, ○ म्हणजे आघात नसलेलं.

९ जानेवारी – पाठ आणि अर्थ

ब्रॉर्सन यांच्या स्तोत्राची पहिली दोन कडवी कामाला घेतली. लिप्यंतर उच्चाराच्या जवळचं आहे, पण वृत्तासाठी जी अक्षरं लागतात ती बोलीत गिळली जात असली तरी पूर्ण लिहिली आहेत.

हेर विल तीएस, हेर विल बीएस,
हेर विल बीएस, ओ स्वागे सिन!
विस्ट स्काल दू हेन्ते, कुन वेद आट वेन्ते,
कुन वेद आट वेन्ते, वोर सॉमर इन.
हेर विल तीएस, हेर विल बीएस,
हेर विल बीएस, ओ स्वागे सिन!

ट्रांगे तीदर लांगसोम्ट स्क्रीदर,
लांगसोम्ट स्क्रीदर, दे हार देन आर्ट.
दागेने लेंगेस, विंतेरेन स्ट्रेंगेस,
विंतेरेन स्ट्रेंगेस, ओ दे एर स्वार्ट.
(पुढे पहिले दोन चरण पुन्हा.)

पहिल्या कडव्याचा अर्थ: इथे गप्प राहावं, इथे थांबावं, दुबळ्या मना; वाट पाहूनच तू आपला उन्हाळा नक्की घरात आणशील. दुसऱ्याचा: कठीण दिवस हळूहळू सरकतात, त्यांची रीतच तशी, दिवस मोठे होत जातात, हिवाळा आणखी कडक होतो, आणि ते जड जातं.

दुसऱ्या कडव्यातलं ऋतूचं वर्णन वरवर विसंगत वाटेल, पण ते जसंच्या तसं खरं आहे. डेन्मार्कमध्ये डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस वाढू लागतो, आणि खरी कडाक्याची थंडी पडते ती त्यानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत. जमीन आणि समुद्र साठवलेली ऊब सावकाश सोडतात, म्हणून थंडी उजेडाच्या मागून येते. उजेड वाढतोय आणि तरी सोसणं संपत नाही, या नेमक्या टप्प्यावर कवीने बोट ठेवलं आहे.

१४ जानेवारी – अक्षरमोजणी

दोन्ही कडव्यांची अक्षरं चरणागणिक अशी: ८, ८, १०, ९, ८, ८. एकूण ५१. हाताने मोजलं तर काही अडचण नाही. अडचण येते ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या युक्तीने. ‘लागोपाठचे स्वरवर्ण मिळून एक अक्षर’ असा नियम लावला की दुसऱ्या कडव्याची बेरीज बरोबर ५१ येते आणि पहिल्याची ४५. ‘तीएस’ आणि ‘बीएस’ या शब्दांत दोन स्वरवर्ण शेजारी-शेजारी आहेत, पण ते वेगळे उच्चारले जातात: ती-एस, बी-एस. पहिल्या कडव्यात ‘तीएस’ दोनदा आणि ‘बीएस’ चारदा येतो, म्हणून नेमकी सहा अक्षरं हरवतात. दुसऱ्या कडव्यात असा एकही शब्द नाही. त्यामुळे ज्याने फक्त दुसरं कडवं तपासून प्रोग्राम पास केला, त्याला बिघाड दिसणारच नाही.

उलटा नियम, म्हणजे ‘प्रत्येक स्वरवर्ण म्हणजे एक अक्षर’, हा इथे चालतो. डॅनिशचे स्वरवर्ण नऊ. पण जुन्या छापील प्रती घेतल्या की हाही फसतो. १९४८च्या लेखनसुधारणेआधी ‘ऑ’चा वर्ण दोन ‘अ’ जोडून लिहीत. तो दोन अक्षरं म्हणून मोजला जातो. ‘दायली’ या शब्दात आज व्यंजन आहे तिथे जुन्या प्रतींत स्वरवर्ण असतो, आणि दोन अक्षरांच्या शब्दाची तीन होतात. म्हणून क्रम असा ठेवला:

आधी युनिकोड, म्हणजे संगणकातले वर्णांचे संकेत, एकरूप करणे (डोक्यावर गोल असलेला वर्ण काही फायलींत एकसंध असतो, काहींत मूळ वर्ण आणि वेगळं चिन्ह, पुढे यमकाची तुलना करताना हे नडतं), मग सगळं लहान लिपीत आणणे (जुन्या डॅनिशमध्ये प्रत्येक नाम मोठ्या वर्णाने सुरू होतं), मग जुना जोडवर्ण नव्यात बदलणे, विरामचिन्हं काढणे, आणि शेवटी एकेक स्वरवर्ण मोजणे. अपवादांची छोटी यादी हाताने केलेली बरी. स्तोत्राएवढ्या मजकुराला ती काही फार मोठी होत नाही.

छपाईसाठी शब्द तोडणारे प्रोग्राम या कामाला घेऊ नयेत. ओळीच्या टोकाला एकटा वर्ण पडू नये असा त्यांचा नियम असतो, त्यामुळे ‘एविग’सारखा शब्द ते ए-विग असा तोडतच नाहीत.

ध्वनिमुद्रणावरून मोजायचं असेल तर गायलेलंच घ्यावं, वाचलेलं नाही. आजची बोली दुबळे स्वर गिळते. ‘दागेने’ आणि ‘विंतेरेन’ हे दोन्ही शब्द वृत्तात तीन-तीन अक्षरांचे आहेत. बोलताना ते आखडतात.

२० जानेवारी – खंड पाडणे

छापील ओळ हे इथलं खरं एकक नाही. प्रत्येक चरण मधोमध तुटतो आणि कडव्याचे बारा खंड होतात. स्वल्पविरामावर तोडण्याचा मोह आवरावा: ‘ट्रांगे तीदर लांगसोम्ट स्क्रीदर’ या चरणात मध्ये विरामचिन्हच नाही. यती (चरणातला विराम) अक्षरसंख्येवर बसवावी: पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या चरणात चौथ्या अक्षरानंतर, तिसऱ्या-चौथ्यात पाचव्यानंतर.

पहिल्या कडव्याचे आठ खंड (९ ते १२ हे १ ते ४ची उजळणी):

१ हेर विल ती-एस ●○●○
२ हेर विल बी-एस ●○●○
३ हेर विल बी-एस ●○●○
४ ओ स्वा-गे सिन ○●○●
५ विस्ट स्काल दू हेन्-ते ●○○●○
६ कुन वेद आट वेन्-ते ●○○●○
७ कुन वेद आट वेन्-ते ●○○●○
८ वोर सॉ-मर इन ○●○●

हा तक्ता समोर ठेवला की घाट स्वच्छ दिसतो. प्रत्येक खंडात आघात दोनच. बारा खंड, चोवीस आघात. अक्षरं मात्र चार, पाच, चार अशी हलतात. मधल्या भागात पहिल्या तीन खंडांच्या पोटात एक जास्तीचं हलकं अक्षर शिरतं, ठोका तसाच राहतो, आणि चाल जरा लचकदार होते. खंड ४ आणि ८ उलटे चालतात, हलक्याने सुरू होऊन आघातावर संपतात. आधीचे तीन-तीन खंड आघातहीन अक्षरावर लोंबकळत सोडलेले असतात. हे दोन खंड दार लावून घेतात. मला या स्तोत्राच्या बांधणीत सर्वांत पक्कं काम इथे दिसतं.

२१ जानेवारी – गणांबद्दल सावधगिरी

●○○ पाहिलं की आपल्याला भगण आठवतो आणि ●○○●○ ला भ-गण अधिक गा-ल (गुरू-लघु) म्हणावंसं वाटतं. ओळखीसाठी चालेल, मोजणीसाठी नाही. आपली अक्षरगणवृत्तं स्वराच्या लांबी-आखूडपणावर आणि पुढच्या जोडाक्षरावर उभी आहेत. डॅनिश वृत्त आघातावर उभं आहे. ‘ती-एस’मध्ये आघाताचा स्वर दीर्घ आहे, ‘हेन्-ते’मध्ये ऱ्हस्व, वृत्ताला दोन्ही सारखेच. लघु-गुरूच्या खुणा वापरल्या तर पुढे कोणीतरी मात्रा मोजणार आणि काहीच जुळणार नाही. म्हणून ● आणि ○.

पाच अक्षरांच्या या तुकड्याला पाश्चात्त्य छंदशास्त्रात ॲडोनिक म्हणतात. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो हिच्या कडव्याचा शेवटचा आखूड चरण हाच.

२७ जानेवारी – यमक

चरणांत मोजलं तर अंत्ययमक क-ख-ग-ख-क-ख असं दिसतं आणि निम्मं काम नजरेआड राहतं. खंडांत मोजलं तर:

क क क ख / ग ग ग ख / क क क ख

पण तिसरा ‘क’ आणि तिसरा ‘ग’ ही यमकं नव्हेत. तो आधीचा खंडच पुन्हा आला आहे. शब्द स्वतःशी जुळतो याला यमक म्हणून जमा करू नये. नोंदपत्रकात यमकाचा रकाना आणि पुनरावृत्तीचा रकाना वेगळे ठेवले. पुनरावृत्तीच्या रकान्यात मूळ खंडाचा क्रमांक घालायचा:

क, क, (२), ख / ग, ग, (६), ख / (१), (२), (३), (४)

असं लिहिल्यावर खरी यमकं तीनच उरतात: तीएस–बीएस, हेन्ते–वेन्ते, सिन–इन. दुसऱ्या कडव्यात तीदर–स्क्रीदर, लेंगेस–स्ट्रेंगेस, आर्ट–स्वार्ट. पहिल्या दोन जोड्या नेहमी दोन अक्षरी, तिसरी नेहमी एक अक्षरी. हा नियम दोन्ही कडव्यांत कुठेही मोडत नाही.

यमक तपासण्याचा नियम: शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून टोकापर्यंत सगळं जुळलं पाहिजे आणि त्याआधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. ही तुलना वर्णांवर करू नये. ‘लेंगेस’ आणि ‘स्ट्रेंगेस’ यांचे स्वरवर्ण वेगवेगळे छापलेले आहेत, म्हणून वर्णांची तुलना ही जोडी नापास करते. ऐकताना ती यमक आहे. एक बारकावा: आजच्या डॅनिशमध्ये ‘र’च्या सान्निध्यात हा स्वर जास्त उघडा होतो, त्यामुळे आजच्या तोंडी ही जोडी किंचित सैल वाटते. ‘सिन’ आणि ‘इन’च्या शेवटी लेखनात एक ‘द’ आहे जो उच्चारात नाही. दोन्हीकडे असल्याने इथे तो त्रास देत नाही.

उच्चारासाठी ‘देन दान्स्के ओर्बो’ या आजच्या भाषेच्या कोशाचा आधार घेता येतो. ‘बीए’ (थांबणे) किंवा ‘स्वार’ (जड) यांसारख्या शब्दांना मात्र १७०० ते १९५० या काळातली भाषा नोंदवणारा २८ खंडांचा ‘ओर्बो ओवर देत दान्स्के स्प्रो’ उघडलेला बरा.

३ फेब्रुवारी – पुनरावृत्ती मोजायची कशी

सोपा मार्ग म्हणजे वेगळे शब्द भागिले एकूण शब्द. पहिल्या कडव्यात ३९ शब्द, त्यांपैकी वेगळे १८, गुणोत्तर ०.४६. दुसऱ्यात ३० पैकी १५; ०.५०. यावरून पहिलं कडवं जास्त घोळवलेलं वाटतं. तसं ते नाही. पहिल्यात ‘हेर’, ‘विल’, ‘वेद’, ‘आट’ असे एकाक्षरी शब्द दाटीने आहेत, दुसऱ्यात शब्द लांब आहेत. शब्दांची गणती इथे शब्दाच्या लांबीलाच मोजते.

अक्षरांवर आणि जागेवर मोजलं की चित्र पालटतं. खंड ३ म्हणजे ४ अक्षरं, खंड ७ म्हणजे ५, आणि शेवटचे चार खंड म्हणजे १६. एकूण २५ अक्षरं पुन्हा आलेली, २६ नवी. दोन्ही कडव्यांत अगदी हेच. ५१ पैकी २५, म्हणजे जवळजवळ निम्मं कडवं दुसऱ्यांदा म्हटलेलं आहे. पहिल्या कडव्यात ‘हेर विल’ सहा वेळा येतं तो भाग वेगळा; खंड १ आणि २ची सुरुवात सारखी असणं ही त्या कडव्यापुरती भर आहे, साचा नव्हे. ती वेगळ्या रकान्यात जाते.

साच्यात पुनरावृत्तीचे दोन प्रकार आहेत. एक शृंखला: चरणाचा शेवटचा खंड पुढच्या चरणाचा पहिला खंड होतो. मोरोपंत वाचलेल्यांना दामयमक ओळखीचं आहे. फरक असा की दामयमकात तेच ध्वनी नव्या अर्थाने यावेत अशी अपेक्षा असते, इथे शब्द आणि अर्थ दोन्ही तेच. दुसरा प्रकार परतण्याचा: पहिले दोन चरण शेवटी जसेच्या तसे. अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतातल्या दा कापो आरिया या गीतप्रकाराची हीच रचना: पहिला भाग, वेगळ्या चालीचा मधला भाग, पुन्हा पहिला भाग. मधल्या भागात वृत्त बदलणं आणि शेवटी परत येणं या दोन गोष्टी एकाच आराखड्यातल्या आहेत. म्हणून याला आपल्या अभंगाच्या ध्रुवपदासारखं समजू नये. ध्रुवपद सगळ्या अभंगात एकच असतं. इथे प्रत्येक कडवं स्वतःच्याच सुरुवातीकडे परततं.

१० फेब्रुवारी – शृंखला वाक्यात काय करते

तिसरा-चौथा चरण वाक्यरचनेसाठी उघडून पाहावा. ‘हेन्ते … इन’ हे एकच क्रियापद आहे, आत आणणे. ‘हेन्ते’ खंड ५च्या शेवटी येतं; ‘इन’ खंड ८चं शेवटचं अक्षर. मध्ये ‘कुन वेद आट वेन्ते’ (फक्त वाट पाहून) दोनदा आणि मग कर्म ‘वोर सॉमर’ (आपला उन्हाळा). दोन तुकड्यांमध्ये १३ अक्षरांचं अंतर. पुनरावृत्ती काढून टाकली तर वाक्य व्याकरणाने पूर्णच राहतं आणि अंतर ८ अक्षरांवर येतं. म्हणजे कवीने पाच अक्षरं निव्वळ लांबवण्यासाठी घातली, आणि ती पाच अक्षरं कोणती? ‘फक्त वाट पाहून’. काय आणायचं ते कळण्याआधी गाणाऱ्याला दोनदा वाट पाहावी लागते. उन्हाळा आणि यमक दोन्ही एकदमच हाती येतात.

दुसऱ्या कडव्यात हेच काम ‘लांगसोम्ट स्क्रीदर’ करतं: ‘हळू सरकतात’ हे शब्दच एका जागी रेंगाळतात. ‘विंतेरेन स्ट्रेंगेस’ पुन्हा येतं तेव्हा हिवाळा आणखी एका खंडाने लांबलेला असतो. पुनरावृत्त खंड जिथे-जिथे आहे तिथे अर्थ ‘थांबणे’ किंवा ‘लांबणे’ असाच आहे. यामुळेच या स्तोत्राचं भाषांतर करताना शृंखला गाळून चालणार नाही. ती गाळली की सांगणं उरतं, सोसणं जातं.

ताळ्यासाठी १७३४चं स्तोत्र. चरण ८, ७, ८, ७. एकाआड एक चढता आघात. यमक क-ख-क-ख (ग्योर्ट–स्टोर्ट, प्रीसे–बेवीसे). पहिल्या चार चरणांत पुन्हा आलेला एकही खंड नाही. सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूने देवाचं कौतुक करावं, ती कितीही लहान असो, असं ते स्तोत्र सांगतं, आणि त्याला पुढे जात राहणारी सरळ चाल पुरते. दोन्हींची बांधणी एकाच हातची आहे, तेव्हा स्वाने-सांगमधली पुनरावृत्ती ही लकब म्हणून नव्हे, निवड म्हणून वाचली पाहिजे.

१७ फेब्रुवारी – ‘दायली एर योर्देन’

कडव्यात सहा चरण. अक्षरं: पहिलं कडवं ५, ६, ८, ५, ५, ८, दुसरं आणि तिसरं ५, ६, ७, ५, ५, ८. पाच अक्षरी चरण बहुतेक ●○○●○, म्हणजे ब्रॉर्सनच्या मधल्या भागातलाच तुकडा. यमक फक्त तिसऱ्या आणि सहाव्या चरणात, बाकी मोकळं.

इथला तिसरा चरण तपासणीत हमखास अडतो. ‘स्कोन एर शेलेनेस पिलग्रिम्सगांग’ ८ अक्षरी, पुढच्या दोन कडव्यांत त्याच जागी ७. हा प्रतीतला दोष नाही. ‘शेलेनेस’च्या पोटात एक हलकं अक्षर जास्त आहे आणि गाताना एक सूर दोघांत वाटला जातो. प्रोग्रामने इथे ‘चूक’ न म्हणता ‘एक हलकं अक्षर जास्त’ असं नोंदवावं.

दुसरा चरण अधिक रोचक. तिसऱ्या कडव्यात तो ●○●○●○ असा अलगद बसतो: ‘फोर्स्ट फोर मार्केन्स हिर्दर’. दुसऱ्या कडव्यात ‘तीदर स्काल हेनरुले’: शब्दाचा नैसर्गिक आघात ‘हेन’वर, साचा मागतो ‘स्काल’ आणि ‘रु’वर. सहावा चरणही दुसऱ्या कडव्यातच हलक्या अक्षराने सुरू होतो. पहिल्यात आणि तिसऱ्यात आघाताने. यासाठी पत्रकात दोन रकाने हवेत, साच्याचा आघात आणि शब्दाचा आघात. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की ही ओढाताण पुसली जाते.

पुनरावृत्ती इथे शृंखलेची नाही. शब्द दूर-दूर पेरलेले आहेत. ‘योर्देन’ (पृथ्वी) पहिल्या कडव्याच्या पहिल्या आणि पाचव्या चरणाच्या टोकाला, मग थेट तिसऱ्या कडव्यात ‘फ्रेद ओवर योर्देन’ (पृथ्वीवर शांती). गांग–सांग ही जोडी पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही कडव्यांत यमक म्हणून येते. जवळची उजळणी आहे ती ‘तीदर स्काल… तीदर स्काल’, ‘स्लेक्त’मागून ‘स्लेक्तर्स’ आणि ‘शेल तिल शेल’ (पिढीमागून पिढी, जिवाकडून जिवाकडे). म्हणून पुनरावृत्ती शोधायला दोन खिडक्या लावल्या: एक चरणाच्या आत आणि लगतच्या चरणापर्यंत, दुसरी संपूर्ण स्तोत्रभर. पहिल्या खिडकीतून ब्रॉर्सन जवळजवळ पूर्ण दिसतो, इंगेमान निम्माच.

२४ फेब्रुवारी – राहिलेली जोडी

इंगेमान यांच्या तिसऱ्या कडव्यातलं लोद–फोट. स्वर तोच, पण पहिल्याचा शेवट मऊ ‘द’, दुसऱ्याचा कठोर ‘त’. कडक नियमाने हे यमक नापास होतं. पत्रकात होय-नाही ऐवजी तीन पायऱ्या केल्या: पूर्ण, स्वर जुळतो पण व्यंजन नाही, आणि शब्द तोच. लोद–फोट दुसऱ्या पायरीवर. ब्रॉर्सनच्या सहाही जोड्या पहिल्या पायरीवर, लेंगेस–स्ट्रेंगेसपुढे आजच्या उच्चाराची टीप जोडून.